चांगुणाला कबूल केलेले डोळे

नाशिक,
१२ नोव्हेंबर १९८६

प्रिय चांगुणा,

सप्रेम जयभीम.

मी बोलतेय आणि लता लिहितेय. तिला आधीच ताकीद दिलीय, की सासू बोलेल तसं उतरवायचं, पदरचं शहाणपण घालायचं नाही. तिकडे तुझी चिमणा वाचून दाखवत असणार, तिलाही तीच ताकीद. दोन म्हाताऱ्यांच्या गप्पा आता दोन सुनांच्या तोंडून व्हायच्या. पूर्वी बरं होतं. मला अक्षर येत नव्हतं, पण तुला येत होतं. दिवसभर विड्या वळून तू प्रौढ वर्गाला जायचीस आणि मग जन्मभर मला बसच्या पाट्या वाचून दाखवत तोरा मिरवलास. आता मला वाचता येत नाही आणि तुला दिसत नाही. झालो बाई एकदाच्या सारख्या.

आधी माझी तब्येत सांगते, कारण तुला तेच ऐकायचं असणार. तुझ्या केरूच्या रेल्वेतलं कुणी भुसावळहून इकडे आलं, की दारातूनच विचारतं, चांगुणाबाईंनी विचारलंय, धोंडाबाईंची तब्येत कशी आहे. पहिल्या दोन वेळा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, पोटच्या जयरामने कधी एवढी चौकशी केली नाही. तिसऱ्या खेपेला आलेला माणूस जरा भोळा निघाला. त्याने पुढचंही विचारून टाकलं, डोळे चांगले आहेत ना त्यांचे, चष्मा नाही ना लागला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बाजारात गिऱ्हाईक म्हशीचे दात बघतं तशी माझी चौकशी चालली होती! चिमणाने लताला कळवलंय, की तू सगळ्या चाळीला सांगत असतेस, धोंडी मेली की मला दिसणार. सांग बाई. माझ्या मरणाने कुणाचं काही भलं होणार असं दुसरं कोण म्हणतंय? आणि कबूल तर मीच केलं होतं, लंकेहून परतताना, टाळीवर.

साडेसहा वर्षं झाली गं त्याला. वस्तीतल्या विहारातून देवराम गुरुजींनी वैशाखी पौर्णिमेसाठी अनुराधपूरला माणसं न्यायची ठरवली, तेव्हा सगळ्यांत आधी तू नाव दिलंस आणि मला न विचारता माझंही देऊन आलीस. पासपोर्टवर तू झोकात सही केलीस, मी अंगठा. मी म्हणाले, आपल्या आधी नाशिकहून लंकेला एकच बाई गेली होती, आणि तिला कुणी विचारून नेलं नव्हतं. तर तू म्हणालीस, तिला निदान विमान होतं, आपल्याला मनमाडला गाडी बदलायचीय. मद्रास येईपर्यंत डबा हसत होता. रामेश्वरला बोटीत चढलो तेव्हा मात्र दोघींनी कठडा घट्ट धरला. आपल्या नाशिकच्या गंगेपलीकडे पाणी पाहिलं होतं कुणी? चारी बाजूंनी पाणीच पाणी बघून तू म्हणालीस, एवढं पाणी, आणि एक धुणं धुवायच्या कामाचं नाही. एवढं बोललीस आणि कठड्यावरून ओकलीस.

अनुराधपूरला उतरलो ते सोमावतीबाईंचं घर आठवतं ना? मास्तरांची विधवा, अंगणात नारळाची झाडं. ना तिला आपली भाषा, ना आपल्याला तिची, पण तुम्ही दोघी चुलीपाशी बसून तासन्‌तास बोलत होतात, कोणत्या भाषेत ते देव जाणे. तसा देव आपण सोडलाय म्हणा, पण जीभ सोडत नाही. पहिल्याच सकाळी तिने नारळाच्या दुधात शिजवलेला भात ताटात थापून बर्फीसारखा कापून दिला, वर तांबडीलाल नारळाची चटणी. तू माझ्या कानात म्हणालीस, हे लोक भातसुद्धा सुरीने खातात. आणि मग पाच वड्या खाल्ल्यास. चहात गूळ न घालता गुळाचा खडा तळहातावर दिला, एक घोट चहा आणि एक चावा गूळ. मी गूळ पहिल्याच घासाला संपवून कोरा चहा पीत बसले, आणि तू साऱ्या परक्या घरासमोर मला हसलीस. तिने सुका मासा कुटायला घेतला तेव्हा तुला रडू कोसळलं. आईच्या सुकटीचा वास म्हणालीस. समुद्र ओलांडून यायचं आणि आईची चूल सापडायची, असं मला काही झालं नाही. मला आपली भूक लागली होती.

पौर्णिमेच्या दिवशी तर रस्त्यावर जागोजागी मांडव. येणारी बस अडवून, हाताला धरून खाली उतरवून लोक जेवायला घालत होते. नाव विचारत नव्हते, गाव विचारत नव्हते. पुढचं तर नाहीच नाही. आपल्या गंगेवरच्या देवळाच्या दारात, आम्हालाही आत घ्या म्हणून, माझा बाप महिनोन्‌महिने बसून होता आणि दार उघडलं नव्हतं. इथे एक पोरगी पानावर भात वाढून माझ्यापुढे वाकली. मी भाताला हात लावत नाही हे पाहून तू म्हणालीस, धोंडी, रडायचं असेल तर जेवून घे, भात गार होतोय. तीन मांडवांत जेवलो आपण. बोधिवृक्षाखाली उभ्या होतो तेव्हा वरून एक पान सुटलं आणि थेट माझ्या हातात पडलं. तिथलं पान तोडायचं नसतं, पडलेलं मिळालं तर भाग्य. आणि माझी बोटं काय करत होती, तर त्या पानावर विडीचं पान कापायचा फर्मा कुठे बसेल ते चाचपत होती. तुला दाखवलं तर तू इतकी हसलीस, की एक मुंडण केलेल्या माताजी वळून बघायला लागल्या.

आणि त्याच दिवशी दिवे लागले. झाडाझाडाला कागदी कंदील, तळ्याच्या काठाने पणत्यांच्या ओळी. तू चालता चालता थांबलीस. माझा दंड धरलास आणि म्हणालीस, धोंडी, प्रत्येक दिव्याला रंगाचं कडं आहे गं. आतून निळं, बाहेरून तांबडं. मी पाहिलं, मला दिसले नुसते दिवे आणि थोडा धूर. डोक्यावर तर सगळीकडे सहा रंगांचे पंचशील ध्वज फडफडत होते. मग काय, माझ्या जिभेला हाड कुठे! मी मोठ्याने ओरडले, या गं सगळ्या, चांगुणाला बुद्ध भगवंताच्या अंगच्या तेजाचे सहा रंग दिसले, हिचं पुण्य फळलं, आपण पापी नुसता धूर खा. थट्टा केली मी, दुसरं काही नाही. पण आपल्याबरोबरच्या नवसाबाईला ती थट्टा कळली नाही. ती वाकून तुझ्या पाया पडली. तिच्यामागून आणखी दोघी. गुरुजी चिडले. चमत्कार मानणार नाही अशी प्रतिज्ञा घेतलीय ना आपण, म्हणाले. मग थोड्या वेळाने हळूच त्यांनीही विचारलं, चांगुणाबाई, कोणकोणते रंग? तू लाजलीस, पण तुझा चेहरा मी पाहिला होता. जन्मभर दुसऱ्याच्या विड्या वळलेल्या बाईला कुणीतरी पहिल्यांदा मोठं म्हटलं होतं. त्या रात्री सोमावतीबाईंच्या घरी परत आल्यावर तुझं डोकं ठणकायला लागलं, ओकाऱ्या झाल्या. आम्ही म्हटलं नारळ बाधला.

नंतर दोन वर्षं इथेही ती कडी तुला अधूनमधून दिसायची, डोकंही ठणकायचं. कडी दिसली, की तू माझ्या दारात येऊन सांगायचीस, आज परत दिसली. विहारात बायका तुला पुढे बसवायच्या. पुण्य फळलंय म्हणून डॉक्टरकडे कोण जातं? दाराच्या चौकटीला खांदे आपटायला लागलीस तेव्हा गेलीस, आणि तोवर उजवा डोळा गेला होता. केरूने तुला भुसावळला नेलं. मग डावाही गेला.

आता कबुलीचं. दिव्यांच्या दुसऱ्या दिवशी सोमावतीबाईने नवऱ्याचा फोटो दाखवला आणि स्वतःच्या डोळ्यांवर बोट ठेवून लांब कुठेतरी हात केला. गुरुजींनी इंग्रजीत विचारून घेतलं. मेल्यावर डोळे दान करायची तिकडे रीतच आहे म्हणे. मास्तरांचे डोळे कुठल्या तरी परमुलखात कुणाला तरी बसवले, आणि ते अजून बघतायत. परतीच्या बोटीत तू म्हणालीस, मी आधी गेले तर माझे डोळे तू घे, निदान बसची पाटी तरी वाचशील. मी म्हणाले, मी आधी गेले तर माझे तुला. तू म्हणालीस, तुझे अडाणी डोळे घेऊन काय करू, येतं ते अक्षरही विसरायची! आणि टाळी दिलीस.

श्रावणात मला ताप आला. पंधरा दिवस उठले नाही. वाटलं, आता निघायचं, आणि डोळे द्यायचा कागद तर केलाच नाही. चांगुणा तिकडे वाट बघत बसलीय आणि मी डोळे घेऊन तशीच मातीत जायची. ताप उतरल्यावर जयरामने अंबडच्या कारखान्यातून एक दिवसाची रजा काढली आणि मला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाची. मी म्हटलं, डोळे द्यायचेत, नाव लिहा, चांगुणाबाई, मुक्काम भुसावळ. तिने हसून विचारलं, मैत्रिणीला काय झालंय. मग मी काय थांबते! बोट, लंका, नारळाचा भात, सगळं सांगितलं. दिव्यांभोवतीचे रंगही सांगितले, अगदी ऐटीत. तिथे तिचं पेन थांबलं.

चिमणा, इथून पुढे जरा सावकाश वाच. आणि आधी सासूचा हात धर.

चांगुणा, ती बाई म्हणाली, मेलेल्या माणसाच्या डोळ्याची फक्त पुढची काच काढून दुसऱ्याला बसवता येते. तुझी काच चांगलीच असणार. तुझी आतली शीर मेलीय, डोळ्यातून डोक्यात जाणारी, आणि ती माझी काय, कुणाचीच काढून लावता येत नाही. मी तिला तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तिने माझ्या हातावर हात ठेवला. आणि ते रंग म्हणजे काचबिंदूच होता, पहिल्या दिवसापासून. तेव्हाच दाखवलं असतं तर नजर राहिली असती. ज्या दिवशी तुला दवाखान्यात न्यायचं, त्या दिवशी मी तीन बायका तुझ्या पायावर घातल्या. चमत्कार मानणार नाही अशी शपथ मीही घेतली होती ना गं, तुझ्याच शेजारी उभी राहून? अडीच महिने मी हे कुणाला सांगितलं नाही. भुसावळहून दोन निरोप आले, दोन्ही वेळा ठणठणीत आहे म्हणून कळवलं. सांगितलंही नसतं. पण परवा कळलं, की केरूने आणलेली पांढरी काठी तू हातात धरत नाहीस, शिकवायला आलेल्या माणसाला परत पाठवलंस. म्हणालीस, धोंडी सत्तरीची झालीय, आता थोड्या दिवसांसाठी काठी कशाला. म्हणून हे पत्र. काठी घे चांगुणा. थोडे दिवस नाहीयेत. अंगठा मी दिलाच कागदावर, कुणातरी अनोळखी बाईच्या डोळ्याला माझी काच लागेल, ती तू नसशील. आता माझं मरण तुझ्या काही उपयोगाचं राहिलं नाही. यापुढे भुसावळहून कुणी आलं आणि त्याने माझी तब्येत विचारली, तर ती फक्त माझीच असेल. विचारतेस का, ते बघायला मी दाराशी बसलेय. नाही विचारलंस तरी मी काही म्हणायची नाही.

तुझीच,
धोंडी
(लताच्या हातून. खाली अंगठा माझा आहे, चिमणा तुझं बोट त्यावर ठेवील.)