डोळे बाहेर येणे : वाक्यात उपयोग करा

रविवार, ७ ऑगस्ट १९८३
पुन्हा तेच. शेजारच्या सुंदराबाईंच्या टीव्हीवर विलायती कार्टूनमधलं मांजर. कुत्रा दिसला, की डोळे खोबणीतून हातभर बाहेर, जबडा जमिनीवर, जीभ सतरंजीसारखी पसरलेली. अख्खी चाळ दारात उभी राहून खिदळते. मूर्ख लेकाचे.

शाळेत गुरुजी फळ्यावर लिहायचे — ‘डोळे बाहेर येणे. अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.’ ह्या गाढवांनी अर्थ सोडला आणि नुसतं चित्र काढलं!

सोमवार, ८ ऑगस्ट
माझ्या लहानपणी भायखळ्याला मुक्या सिनेमाच्या आधी अशी चित्रं दाखवायचे. तेव्हा उंदीर दचकला की टोपी वीतभर उडायची, डोक्यावर प्रश्नचिन्ह उगवायचं. संपलं. बोलपट आले तसे केस ताठ उभे राहू लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास डोळे खोबणीतून सुटले. लोक हसले, म्हणून पुढच्याने आणखी ताणलं.

आमच्या शाळेतल्या कवितेत एका ओल्या पापणीवर अख्खं कडवं उभं राहायचं. ह्यांना पापणी ठाऊकच नाही.

गुरुवार, ११ ऑगस्ट
आमचा मुलगा जयवंत गिरणीच्या गेटवर जाऊन आला. संपानंतर परत घेतलेल्यांत त्याचं नाव नाही. चपला काढल्या, बायकोला म्हणाला, “ललिता, च्या ठेव.” चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

रविवार, १४ ऑगस्ट
जयवंत भिंतीकडे तोंड करून बसतो. जेवतो, निजतो, बोलत नाही. ललिता मोरीपाशी हळूच म्हणाली, “बाबानू, ह्येनी रडाक व्हया, नायतर माझ्यावर वरडाक तरी. असो माणूस आतल्या आत जाता.”

संध्याकाळी त्याच्याजवळ बसून माझी आवडती कविता म्हटली. सगळी कडवी. ऐकली त्याने. पापणी कोरडी.

पलीकडे ते मांजर किंचाळतच होतं. शिसारी आली.

मंगळवार, १६ ऑगस्ट
आडवा पडून लिहितोय. सकाळी ललिता नळावर गेली तेव्हा जयवंतच्या पुढ्यात उभा राहिलो. बोटांनी डोळे ताणले, जीभ हनुवटीपर्यंत काढली, धोतरासकट उडी मारली — आणि खरोखरच उताणा पडलो.

“बाबा!” — चाळभर ऐकू गेलं. त्याचे डोळे हातभर बाहेर! मला उचलता उचलता हसायला लागला. मग हसणं मोडलं, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून लहान पोरासारखा रडला.

ललिता माझी कंबर शेकतेय. सुंदराबाईंना निरोप धाडला — रविवारी पुढची जागा माझी.