हवेच्या नळीत तेल

२ मार्च, सोमवार. सकाळ.
सौ.ची थोरली बहीण १९ तारखेस मुलाकडे परदेशी जाणार, कायमची. तत्पूर्वी दोघी बहिणींची भेट व्हावी, ही सौ.ची इच्छा रास्त आहे. मी तत्काळ शब्द दिला की, मी स्वतः गाडीने नेईन. चिरंजीवांनी मध्येच बसचे नाव काढले. ज्याने उभा जन्म मालमोटार हाकली, त्याच्या पत्नीने तिकीट काढून बसायचे? विषय संपवला.

सायंकाळ.
प्रवासापूर्वी गाडीची तपासणी केली. हवेच्या फिल्टरचा डबा उघडताच धक्का बसला. आत कागदी घड्यांचा फिल्टर, कोरडा ठणठणीत! माझ्या मालमोटारीत याच जागी, तळाला तेलाची वाटी असे. धूळ तेलात बुडायची, इंजिनात स्वच्छ हवा जायची. हे तत्त्व आहे. मी चौथीपर्यंतच शिकलो, परंतु तत्त्व विसरत नाही. गॅरेजवाल्याने मागील सर्व्हिसिंगला तेल देण्याचा आळस केला, हे उघड आहे. फिल्टरला दोन्ही बाजूंनी नवे इंजिन ऑइल पाजले. अधाशासारखा प्यायला. थोडे डब्याच्या तळाशीही ठेवले. मनास समाधान वाटले.
सौ.ची बॅग भरून झाली. गुरुवारी प्रस्थान.

४ मार्च, बुधवार.
चाचणी फेरी काढली. गाडी चौकात खोकली. चढावर पुन्हा खोकली. मागून धूर निघाला. मागच्या स्कूटरवाल्याने काही शब्द वापरले, ते लिहिण्याजोगे नाहीत.
घरी येऊन फिल्टरच्या डब्यातून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी सोडवली. आत तेल! नळीत हवा असावी, तेल असू नये. अर्थात हे इंजिनातून उलटे येत आहे. फक्त एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. इंजिनातील वापरलेले तेल काळे असते, नळीतले सोनेरी आहे. याचा अर्थ इंजिन तेल गाळून पाठवते. इंजिन किती उत्तम प्रतीचे आहे, हे यावरून सिद्ध होते.
प्रस्थान शनिवारी.

५ मार्च, गुरुवार.
नळी पेट्रोलने धुतली, जुन्या टॉवेलने पुसली. टॉवेल जुना नव्हता, असे सौ.कडून नंतर कळले. नळीपुढील हवेची झडपही पुसून लख्ख केली. शेवटी फिल्टरला ताजे तेल दिले. काम करावे तर पूर्ण करावे.

६ मार्च, शुक्रवार. दुपार.
नळीत पुन्हा तेल.
जेवताना दोनदा उठून पाहून आलो. सौ. म्हणाली, अहो, ती काही उतू जायची नाही, घास तरी गिळा. स्त्रियांना यंत्राची काळजी नसते.

७ मार्च, शनिवार.
प्रस्थान पुढे ढकलले. सौ.ने बॅगेतून फक्त कंगवा बाहेर काढला.
तेल जास्त झाले असेल म्हणून इंजिनातील तेल मोजायची पट्टी काढून पाहिली. पातळी खुणेवर बरोबर. म्हणजे माझी चूक नाही. हे लिहून ठेवणे आवश्यक वाटते.
निश्चय: उद्यापासून चहा घेतल्याशिवाय बॉनेट उघडायचे नाही.

८ मार्च, रविवार. सकाळ, चहापूर्वी.
बॉनेट उघडले. तेल आहे.
चिरंजीवांवर संशय. मागील महिन्यात त्यांनी सासरच्या मंडळींना गाडीतून फिरवले होते. व्याही वजनदार गृहस्थ आहेत, इंजिनावर ताण आला असणार. जाब विचारला. उत्तर आले की, बाबा, मी गाडी चालवली, तेल नाही ओतलं. हल्ली मुले वडिलांशी कोणत्या स्वरात बोलतात!
नळी धुतली. फिल्टरला तेल दिले.

१० मार्च, मंगळवार.
नवीन विचार. गाडी अंगणात चढाकडे तोंड करून उभी असते. त्यामुळे तेल कोणीकडे तरी सरकत असणार. तोंड उताराकडे करून उभी केली. शेजारच्या मास्तरीणबाईंचे फाटक अडले. त्या भिंतीवरून म्हणाल्या, काका, मी शाळेत उडत जाऊ का? मी म्हणालो, आजचा दिवस चालत जावे. गाडी पुन्हा वळवावी लागली. वळवताना तीनदा बंद पडली. बाई फाटकाशी हाताची घडी घालून पाहत होत्या. चौथ्या वेळी त्यांनी टाळी वाजवली.

११ मार्च, बुधवार.
मन कुठेच लागत नाही. बसलो की उठावेसे वाटते, उठलो की गाडीकडे जावेसे वाटते, गाडीकडे गेलो की बॉनेट बंद ठेववत नाही. हात धुऊन साबण संपला.
सौ. फोनवर बहिणीशी बोलताना कानी पडले. हो ताई, निघालोच समज. आंघोळ चाललीये. यांची नाही गं, गाडीची! पलीकडून बराच वेळ हसणे ऐकू आले. नंतर सौ. हळू आवाजात म्हणाली, तू गेलीस की मग कधी गं? हसणे थांबले.
मी नळी पुन्हा उघडली.

१३ मार्च, शुक्रवार.
चिरंजीव म्हणतात, गॅरेजला दाखवा. गॅरेजवाला मागील खेपेस मला आजोबा म्हणाला. तेव्हापासून मी त्यास ओळखत नाही.
चिरंजीव पुढे म्हणाले की, आईला मी सोमवारी बसमध्ये बसवून देतो. मी म्हणालो की, सोमवारी सकाळी सात वाजता ती माझ्या शेजारी बसून निघेल, हे लिहून घ्या. ते म्हणाले, तुम्हीच लिहा, बाबा, तुम्हाला सवय आहे. लिहिले.

१५ मार्च, रविवार.
नळी, झडप व डबा, सर्व धुऊन उन्हात वाळवले. प्रवास लांबचा, रस्त्यावर धूळ फार, म्हणून फिल्टरला नेहमीपेक्षा भरपूर तेल पाजले. आता धुळीच्या एका कणाचीही आत जाण्याची हिंमत नाही.
सौ.ने कंगवा परत बॅगेत ठेवला. बहिणीसाठी विणलेला स्वेटरही ठेवला. तिकडे थंडी असते म्हणाली.

१६ मार्च, सोमवार. सायंकाळ.
झाले ते क्रमाने लिहितो.
ठीक सात वाजता निघालो. सौ. शेजारी, बॅग मांडीवर. बॅग मागे ठेव म्हटले, तर म्हणाली, असू दे, हाताशी बरी. गावाबाहेरच्या पेट्रोल पंपापर्यंत गाडी चालली. तेथून पुढे धूर, खोकला आणि शेवटी शांतता. मी बॉनेट उघडले. नळीतून तेल ठिबकत होते. सौ.ने मला न विचारता चिरंजीवांना फोन केला व चिरंजीवांनी मला न विचारता गॅरेजवाल्यास पाठवले.
गॅरेजवाल्याने नळीकडे पाहिलेही नाही. सरळ फिल्टर बाहेर काढून मुठीत दाबला. रस्त्यावर तेलाचे थारोळे. म्हणाला, आजोबा, हा फिल्टर आहे की स्टोव्हची वात? कोरडा ठेवायचा असतो हा! कुणी पाजलं याला तेल?
मी म्हणालो, चौकशी करतो.
सौ. माझ्याकडे पाहत होती. रागावली असती तरी चालले असते. तिने गॅरेजवाल्याला एवढेच विचारले की, दुरुस्तीला किती वेळ लागेल. तो म्हणाला, नवा फिल्टर आणायचा, आतला सेन्सर साफ करायचा, उद्या संध्याकाळ होईल, आजी. तिला आजी म्हटल्याचे काहीच वाटले नाही. तिने पुन्हा विचारले, इथे बस थांबते का? तो म्हणाला, हात केला की थांबते.
तिने हात केला. रस्ता ओलांडतानाही जी मला विचारते, तिने रस्त्यात उभे राहून हात केला, आणि बस थांबली. चढताना म्हणाली, फडताळात वरच्या कप्प्यात चहा आहे, साखर खालच्या. सांभाळून राहा.
मी परवानगी दिली. बस तेव्हा वळणापलीकडे गेली होती.

१७ मार्च, मंगळवार.
गाडी आली. नवा कोरडा फिल्टर. खोकला नाही, धूर नाही, नळी आतून स्वच्छ. हल्लीच्या गाड्यांना कोरडे मानवते, असे दिसते. तत्त्व चूक नव्हते, गाडी निराळी होती.
निश्चय: गुरुवारी बहीण विमानतळाकडे निघण्याच्या वेळी गाडी घेऊन दारात हजर व्हायचे. सौ.ला सन्मानाने परत आणायचे. बसविषयी एक शब्द बोलायचा नाही.
साखर सापडली. चहा सापडला नाही.

१८ मार्च, बुधवार.
सौ.चा फोन आला. दोघी दोन दिवस बोलतच आहेत म्हणाली, आवाज बसला होता. स्वेटर बहिणीला बरोबर झाला. बहीण रडली, मग ही रडली, मग दोघींनी चहा केला. मी माझी योजना सांगितली. ती म्हणाली, नको हो, येतानाचं तिकीट ताईला न्यायला आलेल्या भाच्यानं काढून दिलंय, खिडकीजवळचं.
मी म्हणालो, बसमध्ये हाल होतील. ती म्हणाली, हाल कसले? जाताना बसले तसा डोळा लागला, तो कंडक्टरनं हलवून उठवलं तेव्हाच उघडला. कितीतरी वर्षांनी प्रवासात झोपले. तुमच्या शेजारी एकदा तरी डोळा मिटलाय का मी?
ते खरे आहे. ती माझ्या शेजारी कधीही झोपली नाही. माझे चालवणे पाहावे म्हणून ती जागी राहते, असे मी आजवर समजत होतो.
मी विचारले की, ड्रायव्हर बस किती वेगाने चालवत होता.
ती म्हणाली, मला काय ठाऊक? मी झोपले होते ना.