पुतळ्याची मागची बाजू

पप्पा, तुम्ही खोटं बोललात. एवढंच लिहून थांबायचं ठरवलं होतं, पण बोलायला मला तुम्हीच शिकवलंत आणि मी कधी एका वाक्यावर थांबलेली नाही.

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, म्हणून आधी इथलं सांगते. जगभर एक साथ पसरली आहे. मेलबर्नमध्ये आम्हाला घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जाता येत नाही, ग्लेन वेव्हर्लीच्या स्टेशनवर रिकाम्या ट्रेन येतात आणि रिकाम्या जातात. देवळं बंद आहेत. चर्चमधली रविवारची मिस्सा स्क्रीनवर होते, आणि ती संपली की वसई-ठाण्याकडची आपली चाळीसेक कुटुंबं तशीच बसून राहतात. मग मी तासभर युरोपातल्या जुन्या कॅथीड्रलांवर बोलते. जड दगडी छत भिंतींना बाहेर कसं ढकलतं, टोकदार कमान तो जोर खाली कसा उतरवते, आणि उरलेला जोर बाहेरचे टेकू कसा झेलतात ते सांगते. एका गावाला सगळ्यांत उंच छत हवं होतं, ते कोसळलं आणि ते देऊळ आजही अर्धंच उभं आहे, हेही सांगते. पहिल्याच रविवारी मी कॅमेऱ्यासमोर दोन टोस्ट एकमेकांना टेकवून उभे केले. ते घसरले. दोन्ही बाजूंना कप ठेवल्यावर उभे राहिले. हे मी कुठून शिकले ते तुम्हाला माहीत आहे. आपल्या स्वयंपाकघरात, चहा निवत असताना, तुम्ही म्हणाला होतात, "हे टेकू. आता भिंतीवर भार नाही. काढ खिडकी, हवी तेवढी मोठी."

मी नऊ वर्षांची असताना नाताळचा गोठा बांधत होते. समोरून माती लिंपली, गवत लावलं, आणि मागून नुसता वर्तमानपत्राचा कागद चिकटवला. तुम्ही कामावरून आलात, हातात गवंडीकामाची थापी आणि ओळंबा, गोठा फिरवून पाहिलात आणि कागद टरकन ओढून काढलात. ओरडला नाहीत. म्हणालात, मी दोन वर्षं बोटीवर होतो तेव्हा फ्रान्समध्ये उतरलो होतो, तिथे दोन असमान मनोऱ्यांचं कॅथीड्रल आहे, मी शिडीवर चढून दारावरच्या संताच्या पुतळ्यामागे हात घातला. मागची बाजू पुढच्यासारखीच घडवलेली. मी विचारलं, गुळगुळीत? तुम्ही चुन्याने पांढरी झालेली बोटं माझ्या गालावर टेकवलीत. "अशी."

पप्पा, त्या एका हातावर मी उभी राहिले. कॉलेजातली वक्तृत्वाची ढाल त्या हाताने मिळवली. नळाच्या पाण्यासाठी गावकऱ्यांनी मोर्चा काढला तेव्हा टेम्पोवर उभी राहून मी कंत्राटदाराला विचारलं होतं, माझा गवंडी बाप पुतळ्याच्या मागे हात घालून बघतो, तू पाइपाच्या आत बघितलंस का? लोक शिट्ट्या मारत होते. तुम्ही गर्दीत मागे उभे होतात आणि मान खाली घातली होतीत. मला वाटलं, संकोच वाटतोय. इंजिनिअर झाले, इथे आले, आणि एकदा एका इमारतीच्या भिंतीआड जे दडवलं होतं त्यावर सही करायला नकार दिला. साहेब म्हणाला, नो वन्स एव्हर गोइंग टू लुक बिहाइंड इट, मेट. मी त्यालाही तुमचा हात ऐकवला आणि नोकरी सोडली. पुढे दोन वर्षं घरी बसले. नवऱ्याने विचारलं, असं कशाच्या भरवशावर केलंस. मी म्हटलं, पप्पांच्या.

गेल्या आठवड्यात काकांचा फोन आला. तुमचा धाकटा भाऊ आता पंच्याऐंशीचा आहे, वसईहून नातवाच्या मोबाइलवर माझं बोलणं ऐकतो. भाषण फक्कड झालं म्हणाले, आणि मग हसत विचारलं, "पण बाय, तुझा पप्पा फ्रान्सला कधी गेला गो?" मी म्हटलं, बोटीवर असताना. "बोट होती. पण ती गोदीत उभी होती. गंज खरवडायला होता तो दोन वर्षं. पासपोर्ट कुठे होता त्याच्याकडे?" मग त्यांनी मला तो दिवस सांगितला. कुणी परदेशी फादर पॅरिशच्या हॉलमध्ये यंत्र घेऊन आला होता, चादर ताणून त्यावर कॅथीड्रलांची चित्रं दाखवत होता. पुढे जागा नव्हती, म्हणून तुम्ही दोघे भाऊ चादरीच्या मागे जमिनीवर बसलात.

मी फोन ठेवला आणि कॅथीड्रलांचं पुस्तक काढलं. कारण तुम्ही जन्मभर सांगत आलात की दोन मनोऱ्यांतला उजवा उंच आहे. समोरून पाहिलं तर डावा उंच आहे. पुस्तकात पाहिलं तेव्हा मीच तुमची बाजू घेतली होती, माणूस वर चढून खाली उतरला की दिशा विसरतो. चादरीच्या मागून चित्र उलटं, उजवाच उंच दिसणार, पप्पा. मग मी दुरुस्तीसाठी खाली उतरवलेल्या पुतळ्यांचे फोटो शोधले. सगळीकडे तसं नसेल, पण मी पाहिलेल्यांच्या पाठी ओबडधोबड होत्या, छिन्नीचे घाव तसेच, काही तर वजन कमी करायला आतून पोखरलेल्या. भिंतीला टेकणारी बाजू घडवण्यात कुणी दिवस घालवले नव्हते. शहाणी माणसं होती ती. तुमच्या गोष्टीवर जगण्यातली दोन वर्षं घालवणारी मूर्ख मीच. त्या टेम्पोजवळ तुम्ही मान खाली घातली होतीत तेव्हा एवढंच म्हणायचं होतं, बाय, मी नव्हतो गेलो. तेवढा धीर तुम्हाला झाला नाही आणि मी जगाला खोटारडा म्हणत फिरले.

काल माझ्या बोलण्याचा शेवटचा रविवार होता. सगळं खरं सांगायचं ठरवून बसले. मुलगी बारावीला आहे, तिचेही वर्ग घरातूनच. लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात बसली होती. तिने चिडवलं, "इज ग्रँडपाज हँड कमिंग टुडे?" काकांचं बोलणं मी तिला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. म्हटलं, आज येईल तो शेवटचा. मी फोटो दाखवले, पाठी खडबडीत असतात हे ठणकावून सांगितलं. पुढचं वाक्य तुमच्या खोट्याचं होतं. तेवढ्यात एका बाईंनी विचारलं, "पण तुमच्या पप्पांनी स्वतः हात लावला होता ना? त्यांना कशी लागली?" स्क्रीनवर काकांचा चौकोन तिथेच होता, आवाज बंद, डोळे माझ्यावर.

मी म्हटलं, "त्यांना गुळगुळीत लागली. गवंड्याचा हात तो, घट्टे पडलेला. त्या हाताला दगड खरखरीत लागतच नाही."

चौकोनाचौकोनांतून टाळ्या पडल्या. काकांनी मान खाली घातली. मुलीने लॅपटॉप मिटला. "मम, यू मेड दॅट अप," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, टोस्टच्या डब्याखाली राहील. तुम्हाला माफ केलेलं नाही. पण ते वाक्य सुचायला मला एक श्वाससुद्धा लागला नाही, पप्पा, आणि बोलताना मला फार बरं वाटलं.