विहिरीवरचं इंजिन उतरवलं तेव्हा

आबा, दुष्काळाच्या त्या साली तुम्ही रोज सकाळी कोरड्या विहिरीवर जाऊन इंजिनाला तेल घालायचा, ते मी ओसरीवरून बघायचो. विहिरीचा तळ भेगाळलेला, पंपाचा पाइप हवेत लोंबतोय, आणि तुम्ही चिंधीनं चाक पुसताय, जणू घटकाभरात उसाला पाणी द्यायचं आहे. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. घरात आपण दोघंच. चूल मी पेटवायचो, भाकरी तुम्ही थापायचा, ती कडेला हमखास करपायची. "झालं?" "झालं." एवढंच बोलणं. तुमचं-माझं बाकी सगळं बोलणं आईच इकडून तिकडं पोचवायची, हे ती गेल्यावर कळलं.

तिची मोसंबीची बाग तेवढी मागं राहिली होती. पानं वळायला लागली होती. बैल वैरणीपायी घोडेगावच्या बाजारात देऊन आलो, आणि येताना तुम्ही वाटभर रिकामा कासरा हातात धरून चालला. उरला होता तो बागेत फिरणारा बुटका ट्रॅक्टर, कुणा साहेबाच्या बंगल्यावरून जुना आणलेला. त्याचं पेट्रोलचं इंजिन तापून जाम झालेलं, आणि विलायती असल्यानं सुटा भाग नगरला काय, पुण्यालाही मिळेना. प्रवरेच्या पात्रात खड्डा घेतला की पाणी लागत होतं. पण ते बागेपर्यंत आणायचं कशानं? झाडं काही आणखी फार दिवस कळ काढणार नव्हती. मग मी एकदाचं भीतभीत तोंड उघडलं.

"आबा, हिरीवरलं इंजान ट्रॅक्टरला बसवू."

तुम्ही तेलाचा डबा खाली ठेवला. "इंजान काढलं म्हंजी हिरीची आशा सोडली आपन. लोकं काय म्हनतील?"

"हिरीत बेडूक न्हाई ऱ्हायला, आबा. लोकांचं काय घिऊन बसलाय? आईची झाडं वाळत्यात."

आईचा विषय आपण दोघांनीही तोवर काढला नव्हता. तुम्ही डबा उचलून घरात गेला. पण दुपारी बघतो तर तुम्ही इंजिनापुढं नारळ फोडलेला, आणि पाना घेऊन नट ढिले करत बसलेले. खोबऱ्याचा एक तुकडा विहिरीत टाकला आणि हळूच म्हणाला, "येतो परत." पाहुण्यानं उंबऱ्यावर म्हणावं तसं.

मग ती सगळी झटापट. मोटेचा जुना नाडा इंजिनाला बांधलाय, तीन वासे उभे करून त्यावरून ओढतोय, माझे तळहात सोललेत, आणि तुम्ही "आस्ते, आस्ते" म्हणताय, जणू आजारी माणसाला खाटेवरून उतरवतोय. ट्रॅक्टरचं मेलेलं इंजिन काढलं. विहिरीचं त्याच्या दुप्पट जड. त्यासाठी सांगाड्यावर बाभळीचे ओंडके आवळले. लोहारानं गिअरपेटीच्या फिरत्या दांड्याला एक पुली करून दिली. इंजिनाच्या चाकावरून पुलीवर पट्टा तुम्ही स्वतः चढवला, कुणाला हात लावू दिला नाही. मी हँडल मारलं. इंजिन धडधडलं. तुम्ही सीटवर बसून पुढचा गिअर टाकला, आणि ट्रॅक्टर सरळ मागं निघाला. पाठीमागचं कुंपण मोडून शेजारच्या काकूंच्या गोवऱ्यांच्या ढिगात जाऊन बसला.

काकू कमरेवर हात ठेवून उभ्या. "आगं बया! नवी सून म्हायेराला पळती तसा पळतूय की ह्यो! धाकलं पाटील, आबाला आवरा, न्हाईतर नाशकाला पोचत्यात उलट्या पावली!"

मला वाटलं, गेलं, गिअरही गेला आणि बागही गेली. तुम्ही खाली उतरला, वाकून बघितलं आणि मट्कन जमिनीवर बसला. विहिरीवरचा पंप उलट्या अंगानं फिरणारा, म्हणून तिथं पट्टा पहिल्यापासून फुलीसारखा तिढा देऊनच चढवायचा. तोच तिढा तुमच्या हातांनी इथंही घातला होता, म्हणून चाकं उलटी फिरली. "आरं," तुम्ही म्हणाला, "हाताला वाटलं, आपन हिरीवरच हाय." आणि हसायला लागला. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं, ते तुम्ही पुसलंही नाही. आई गेल्यावर पहिल्यांदा हसताना बघत होतो तुम्हाला. पट्टा सरळ घातला, ट्रॅक्टर पुढं चालला, आणि काकूंनी मोडक्या गोवऱ्या मोजायच्या सोडून चहा आणला.

मागं छकडा जोडून आपण पिंपं भरभरून पाणी आणलं. सगळी झाडं नाही वाचली, पण निम्म्याच्या वर वाचली. पण आबा, सांगायचं होतं ते वेगळंच. मी चालवायचो, तुम्ही शेजारी मडगार्डवर बसायचा, आणि इंजिन धडधडायला लागलं की तुम्ही बोलायला लागायचा. माझ्याकडं न बघता, समोर बघून, मोठ्यानं. "तुजी आई नवी नवी आली तवा..." आणि पुढचं इंजिन खाऊन टाकायचं. मग मध्येच, "...म्या म्हनलं रोपं जगायची न्हाईत, तर ती..." बागेत पोचून इंजिन बंद केलं की तुम्हीही बंद. मुकाट डबा घेऊन झाडाच्या आळ्यात पाणी ओतायचं. मी एकदाही विचारलं नाही, काय म्हणालात म्हणून. विचारलं असतं तर ते बोलणं आटलं असतं, ही धास्ती. पुढं पाऊस झाला, विहीर भरली, तरी तुम्ही इंजिन परत न्यायचं नाव काढलं नाही. मीही आठवण केली नाही.

तुम्ही गेलात तिकडं टपाल जात नाही, म्हणून हा कागद कुठल्या पेटीत टाकायचा नाही, ते माहीत आहे. उद्या चुलीत जाईल. माझीही कारभारीण आता नाही, आबा. पोरं पुण्याला. भरल्या घरात जीभ उचलायची नाही, तशी ती रिकाम्या घरातही उचलत नाही. म्हणून मूठभर का असेना, दळण घेऊन मी पिठाच्या गिरणीत जातो. पट्टा फिरायला लागला, गिरणी घरघरायला लागली, की कोपऱ्यात बसून कारभारणीशी बोलतो. गिरणीवाला वळून विचारतो, "काका, काय म्हनलात का?"

मी म्हणतो, "न्हाई. चालू दे तुझं."