केशवभाऊजींना समजत होतं का

गुलमंडी, औरंगाबाद
दि. ६ फेब्रुवारी १९५७

सौ. उमावन्सं यांना सप्रेम नमस्कार.

तुम्ही पाचोडहून पाठवलेला हुरडा पोचला. कुसुमनं आवडीनं खाल्ला. तिचा खोकला आता बरा आहे.

येत्या सोमवारी माझी साक्ष आहे. आज केशवभाऊजींचे वकील येऊन गेले. म्हणाले, "बाई, आमच्या शरियतीत दिवाण्यावरून, म्हणजे वेड्या माणसावरून, लेखणी उचललेली असते. त्याचा गुन्हा लिहिलाच जात नाही. इथल्या कायद्यातही तेच, दुनियेतल्या दुसऱ्या मुलुखांतही तेच. सवाल एकच, मारताना त्याला समजत होतं का?" मग हळूच म्हणाले, "पण त्यानं वरवंटा धुतला. सरकारी वकील हेच धरून फाशी मागणार."

धुतल्याचं पोलिसांना मीच सांगितलं होतं.

साखळीचा दोष तुम्ही स्वतःकडे घेऊ नका. पायात साखळी असलेल्या भावाला भाऊबीजेला कोणती बहीण ओवाळील? तुम्ही म्हणालात आणि ह्यांनी लगेच कुलूप काढलं. तुम्ही परत गेल्यावर पुन्हा घालायला ह्यांचाच हात धजेना. "राहू दे गं, चांगला हसतोय," म्हणाले. दुसऱ्या दिवशी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

मी आत आले तेव्हा भाऊजी मोरीत बसून वरवंटा धूत होते. मला बघून कुजबुजले, "वहिनी, दादाला सांगू नका हं. उठला की रागावंल."

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. पोलिसांसमोर तोंडातून निघेना. ह्या वाक्यानं ते वाचतील, हे आज वकीलसाहेबांच्या बोलण्यातून कळलं, तरी मी गप्पच बसले.

मला त्यांची फाशी नको आहे, वन्सं. मला भीती वाटते. वेड्यांच्या इस्पितळात ठेवतील, पण पुढं कधीतरी बरे झाले म्हणून नातेवाइकांच्या हमीवर सोडतील. मग दार वाजेल आणि बाहेरून "वहिनी" अशी हाक येईल. कुसुमचा हात आता कडीला पोचतो.

तरी सोमवारी सांगणार आहे. ह्यांना साधी साखळी घालवली नाही. मी फास कसा घालू?

एकच मागते. हमीचा कागद तुमच्यापुढं आला तर सही करू नका. तुमचा भाऊ आहे, मला ठाऊक आहे. तरी करू नका.

आणि कोर्टात माझ्या समोर बसू नका. तुम्ही दोघांसारख्या दिसता. मला बोलता येणार नाही.

तुमची वहिनी,
भानुमती