अस्वलाची शिंक

४ जून

ती. ताईस,
टिल्लूचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. पोट तेवढं जरा जास्तच ठीक आहे. सत्तावन्नाव्या वर्षी मला टिल्लू म्हणणारी तू एकटीच उरली आहेस. फोनवर आपण दोघं एकदमच बोलतो आणि भांडून ठेवतो, म्हणून हे पत्र. यात निदान ज्याची त्याला पाळी मिळते.

परवा दुकानात एकजण जुना व्हिडिओ प्लेअर दुरुस्तीला टाकून गेला, सोबत खोकंभर टेपा. चालतोय का बघायला एक टेप घातली आणि खुर्चीतून उठलोच नाही. आपला अस्वलाचा सिनेमा! मी आठ वर्षांचा, तू चौदाची, कोपऱ्यावरच्या थिएटरात तिसरी रांग. सत्तरच्या दशकात सिनेमातल्या सगळ्या जनावरांचं एकदमच डोकं फिरलं होतं. अस्वलं, मधमाश्या, बेडूक. एका टेपेत तर बदकं पोस्टमनला खातात. खातात म्हणजे काय, बाजूने कोणीतरी त्याच्यावर एकेक बदक फेकतंय आणि तो बिचारा ते झेलून, स्वतःच्याच गळ्याशी धरून बोंबलतोय. हसण्याच्या नादात गरम सोल्डरिंग गन टेबलावर राहिली आणि टेबलाला भोक पडलं.

अस्वलाचं तर बोलूच नको. आत माणूस आहे हे शेंबड्या पोरालाही कळेल. पंजा उगारतो तेव्हा मनगटावर घड्याळ दिसतं! टेप दहा वेळा थांबवली, पण किती वाजलेत ते काही वाचता आलं नाही.

आता मुद्द्याचं. तू मला फसवलंयस. भीतीची जागा आली की तू माझ्या डोळ्यांवर हात ठेवायचीस आणि काय चाललंय ते कानात सांगायचीस. अस्वल तंबूतल्या धाकट्या भावाजवळ आलं, त्याला हुंगलं, सणसणीत शिंकलं आणि निघून गेलं, असं तू सांगितलंस. आता बघतो तर अस्वलाने त्या पोराला बिछान्यासकट उचलून झाडावर आपटलंय! मग उरलेला सिनेमाभर त्याची बहीण बंदूक घेऊन का हिंडते, हे मला इतकी वर्षं कळलंच नव्हतं. शिंक आली की अस्वल जातं, हे मी खरं धरून चाललो. अजून माझ्या स्कूटरच्या डिकीत मिरपुडीची पुडी असते. खुलासा व्हावा.

तुझा (फसवला गेलेला)
टिल्लू


११ जून

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. लेकीकडून वाचून घेतलं, कारण तुझं अक्षर म्हणजे कागदावर सांडलेल्या मुंग्या. हे उत्तरही तीच लिहून घेते आहे आणि मिरपुडीवर अजून हसते आहे.

खुलासा असा, की त्या वयात घाबरलास की तू अंथरूण ओलं करायचास आणि ते वाळत मी घालायचे. त्यापेक्षा शिंक परवडली.

मला त्या अस्वलाची शिवण सांग. पाठीत होती की बगलेत? बाही चार बोटं लांब ठेवली असती तर घड्याळ झाकलं गेलं असतं. शिंप्याला विचारत नाहीत आणि मग हसं होतं. माझं शिवणाचं दुकान जोरात चाललंय. डोळेही छान आहेत, तू विचारलं नाहीस तरी सांगते.

पोट कमी कर. माया आहेच.
ताई


१७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विचारलं नव्हतं तरी डोळ्यांचं सांगितलंस, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. भाचीला फोन केला. तिच्यावर रागावू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरांनी दोनदा तारीख दिली आणि दोन्ही वेळा तू दवाखान्याच्या पायरीवरून माघारी आलीस. सुई ओवता येत नाही. बँकेच्या मॅनेजरच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्यास! आता तो मॅनेजर त्या अस्वलापेक्षा विनोदी दिसत असेल, पण मला हसू आलं नाही. चाळीस वर्षं खपून उभं केलेलं दुकान तू बंद करायचं म्हणतेस, असं ती रडत सांगत होती. डॉक्टर म्हणतात, आणखी थांबलात तर काम अवघड होईल.

ताई, तुला कशाची भीती वाटते? खरं सांग. या वेळी शिंक चालणार नाही.

तुझा
टिल्लू


२४ जून

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

हे माझं मीच लिहिते आहे, जाड पेनने. ओळी डोंगर चढायला लागल्या तर सांभाळून घे. लेकीला हे सांगायचं नाही.

ते डोळा उघडा ठेवून करतात रे. भूल फक्त डोळ्यापुरती, मी टक्क जागी. डॉक्टर म्हणाले, उजेडाशिवाय काही दिसणार नाही. पण समोरून काहीतरी चालून येणार आणि मला डोळा मिटता येणार नाही, या विचारानेच मी पायरीवरून परत फिरते.

आणि आता विचारतोच आहेस तर ऐक. त्या दिवशी माझा उजवा हात तुझ्या डोळ्यांवर होता आणि डावा माझ्या. मी काहीच पाहिलं नाही, त्या दिवशीही नाही आणि कधीच नाही. मागच्या रांगेत कोणीतरी शिंकलं, ते मी अस्वलाच्या नावावर खपवलं. जन्मभर तू मला शूर समजलास आणि मीही समजू दिलं. मी भित्री आहे, टिल्लू. तेव्हाही होते.

रागावू नकोस.
ताई


२८ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

म्हणजे आपण दोघंही अंधारात डोळे झाकून बसायचो आणि बाहेर येऊन गल्लीभर सिनेमा सांगत फिरायचो! दोघांत मिळून एकही डोळा उघडा नव्हता. रागावतो कसला, मी भाचीला फोन करून दुकानातच नाचलो. (तिला सांगितलं. सॉरी.)

चार तारखेला येतोय. पाच तारखेची वेळ तिने घेऊन ठेवली आहे. औषधाचे थेंब घालून अर्धा तास डोळे मिटून बसवतात म्हणे. तेवढा वेळ तुझ्या डोळ्यांवर हात माझा आणि कानात सिनेमा माझा. पुढे आत मात्र तुला एकटीलाच जायचंय. प्लेअर आणि अस्वलाची टेप आणतो आहे. प्लेअरच्या मालकाला सांगितलंय, पार्ट मिळत नाही.

तुझा
टिल्लू


१९ जुलै

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

बघ, बारीक पेन आणि सरळ ओळी. आणि तुझं अक्षर आता नीट दिसतं, ते खरोखरच भिकार आहे.

दवाखान्यातल्या त्या बाकावर तू काय काय सांगितलंस! बदकांनी पोस्टमनला आपला पुढारी केलं आणि मग सगळी मिळून टपाल वाटायला लागली. नर्स दोनदा तुला हळू बोला म्हणाली आणि तिसऱ्यांदा येऊन पोस्टमनचं पुढे काय झालं ते विचारून गेली. तुझ्या हाताला सोल्डरचा वास येत होता. मी हसतच आत गेले. आत नुसता उजेड होता आणि पाणी. मी मनात एकेक बदकाला टपाल देत राहिले. विसाव्या बदकाला डॉक्टर म्हणाले, झालं.

काल तुझी टेप लावली. एकटीच बसले, दार लावून. तंबू आला तसा माझा उजवा हात आपोआप बाजूला गेला. तिथे तुझं डोकं नव्हतं, म्हणून मांडीवर ठेवला. डोळे मिटले नाहीत. सगळं पाहिलं. बिछान्यातून कापूस उडतोय, आत कोणीही नाही, हे स्पष्ट दिसत असूनही मी ढसाढसा रडले. मला धाकटा भाऊ एकच रे, त्याला असं आपटताना कसं बघणार होते मी? शिंकच बरी होती. तू तीच खरी धर आणि मिरपूड टाकू नकोस.

दुकान उघडलंय. मॅनेजरची उजवी बाही बदलून दिली. दुसरा डोळा पुढच्या महिन्यात. हात धुऊन ये आणि बदकं घेऊन ये.

तुझी, आता अर्धी शूर,
ताई

ता. क. अस्वलाची शिवण बगलेत आहे, तीही उसवलेली. आणि घड्याळात सव्वाचार वाजलेत.