आठ जुड्या

अपा, माझे आई, तुझे दोन्ही हात डोळ्यांना लावते.

मी मजेत आहे. सासूबाई साय माझ्याच वाटीत वाढतात. तुझा गुडघा कसा आहे? खिंड बर्फाने बंद आहे, म्हणून नौरूझच्या सणाला येणं जमणार नाही. वाट मोकळी असती तरी सोडलं असतं की नाही, देव जाणे.

शाळेत बेरीज मी काड्यांनी शिकवते. दहा काड्यांची एक जुडी. सुट्या दहा झाल्या की त्यांचीही जुडी बांधायची. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "वा! तोंडाला आराम, हाताला काम!" त्यांना काय सांगू? सासऱ्यांच्या नावातच ऐंशी आहे आणि सुनेनं सासऱ्यांचं नाव उच्चारायचं नाही. तो आकडा आला की मी मुकाट्याने आठ जुड्या वर धरते. कागदावर तरी लिहू दे: ऐंशी.

काल छोट्या उमसुनायनं सत्तेचाळीस आणि तेहेतीस मांडले. सुट्या काड्यांची जुडी बांधून आठ जुड्या बरोबर केल्या.

"किती झाले गं?"

तिनं तोंडावर हात ठेवला.

"अगं, तुला म्हणायला चालतं."

"नको बाई. मलापण पुढे सून व्हायचंय ना, सवय करतेय."

अपा, आपल्या धाकटीला मोठ्यानं मोजू दे.

तुझीच,
जिपार